रात्री काढायचे दात

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि पेनाच्या टोकाने उजव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा दाखवला. तिथे पांढरट धुकं होतं. एकाच हिवाळ्यात ते दुसऱ्यांदा आलं होतं.

"आता बरंचसं गेलंय," ते म्हणाले. "पण आजोबा, तिसऱ्यांदा आलं तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. या वयात न्यूमोनिया बरा करण्यापेक्षा तो होऊ न देणं सोपं."

हे त्यांनी बाबांच्या तोंडावर सांगितलं, मला बाहेर बोलावून कुजबुजले नाहीत, म्हणून मला ते आवडले. त्यापलीकडे मला काही वाटलं नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून बसून पाय बधिर होतात तसं माझं आतलं सगळंच बधिर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचं होतं.

डॉक्टरांनी एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. जेवताना ताठ बसायचं. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गिळताना हनुवटी खाली, आणि तोंडात घास असताना गप्पा नाहीत. फ्लूची आणि न्यूमोनियाची, दोन्ही लशी घेऊन टाकायच्या. घरातल्या घरात का होईना, रोज चालायचं. हिरड्या, जीभ, टाळू, सगळं मऊ ब्रशने सकाळ-संध्याकाळ साफ करायचं. बाबा प्रत्येक गोष्टीला शहाण्या मुलासारखी मान हलवत होते.

"आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची."

बाबांची मान थांबली.

"कवळी घालून झोपलं की तिच्याखाली जंतू साठतात," डॉक्टर म्हणाले. "झोपेत लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, तिच्याबरोबर तेही उतरतात. तुमच्या आजाराचं मूळ तिथेच असावं असं मला वाटतं."

"माझी कवळी हलत नाही."

"हलण्याचा प्रश्न नाही, आजोबा."

"मी स्वतः केलीय ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, तापात बडबडतात तसं काही असेल. "खरंच केलीय," मी म्हणाले. "आमचा तोच धंदा आहे."

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घरात दोन पिढ्यांची पोटं दात कोरूनच भरली. तळमजल्यावर कारखाना आणि वर घर. कारखाना म्हणजे दोन खोल्या, प्लास्टरची पोती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, साचे उकळायचं पातेलं आणि घासायची मोटर. गल्लीत बाबांना सगळे दातवाले म्हणत आणि मला दातवाल्यांची. गिऱ्हाइकाच्या हिरड्यांचं माप घ्यायचं, साचा करायचा, मेणात दात बसवून बघायचे, मग पक्की कवळी ओतायची. बाबांचे हात कापायला लागल्यापासून हे सगळं मी करते. बाबा खुर्चीत बसून चुका काढतात.

बाबांचे स्वतःचे दात तरुणपणीच गेले. हिरड्यांचा आजार होता. मी तेव्हा इतकी लहान होते की मला त्यांचे खरे दात आठवतही नाहीत. पण ते पडायच्या आधी त्यांनी त्यांचा साचा घेऊन ठेवला होता आणि कवळी हुबेहूब त्या साच्याबरहुकूम केली. वरचा डावीकडचा सुळा जरा बाहेर आलेला, तोही तसाच ठेवला. लोक वाकडे दात सरळ करायला पैसे मोजतात आणि या माणसाने सरळ दात वाकडा बसवला. का, तर लग्न ठरवताना आई त्याच सुळ्याला हसली होती. त्या हसण्यावरच आमचं घर उभं राहिलं असं बाबा म्हणतात. आईने याबद्दल कधी काही सांगितलं नाही.

आणि गिऱ्हाइकाला कवळी देताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "घाला आणि विसरा. माझी कवळी रात्रीसुद्धा काढावी लागत नाही." इतर दातवाल्यांची कवळी टोचायची, सैल व्हायची, लोक ती दिवसासुद्धा खिशात घेऊन फिरायचे. बाबांची बसायची. ते वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आले आणि पुढे गिऱ्हाइकांना सांगत आले. जे आमच्या मालाचं कौतुक होतं तेच डॉक्टरांनी आजाराचं मूळ म्हणून सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

घरी आल्यावर मी बाबांच्या उशाशी झाकणाची एक वाटी ठेवली. पाणी भरून ठेवलं. सकाळी बघितलं तर पाणी तसंच, आणि बाबा दातांसकट चहा पीत बसलेले. म्हटलं, मी यायच्या आधी घातली असेल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाटी कोरडीच ठेवली. सकाळी ती कोरडीच होती.

"काढली होती का?"

"हो हो."

"पाण्याशिवाय?"

बाबांनी चहाचा घोट घेतला, हनुवटी खाली करून, अगदी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा. "अगं ठमे, तू पोलिसात का गेली नाहीस?"

घरी बघायला येणाऱ्या सिस्टर होत्या. आठवड्यातून एकदा यायच्या, छाती ऐकायच्या, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघायच्या आणि मग बाबांना आ करायला लावायच्या. बाई आवाजाने मोठ्या आणि मनाने त्याहून मोठ्या. त्यांनी कवळी हातात घेऊन उलटी केली, टाळूच्या बाजूने नखाने खरवडली आणि नख मला दाखवलं. "दिवसा घासलेली दिसतेय. रात्री कुठे असते?"

"तोंडात," मी म्हणाले.

"आजोबा, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ते हत्तीचं. तुमचे एकच आहेत ना? मग रात्री त्यांना सुट्टी द्या." बाबा हसले. सिस्टर गेल्यावर हसू मिटलं.

मला राग आला. तो आला याचंच मला बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांत काही आलं नव्हतं. "बाबा, तुम्हाला मरायचंय का?" मी विचारलं. "तसं असेल तर सांगा, मी वाट्या भरत बसणार नाही."

बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत आई होती, पलंगावर पाय सोडून, टॉवेलाची घडी घालत. घडी झाली की मोडायची आणि पुन्हा घालायची. आईला विसरायचा आजार आहे. आधी गॅस विसरली, मग रस्ते, मग दादाला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तो दूर असतो आणि फोनवरून आरोग्याचे व्हिडिओ पाठवतो. मी तिला कधी बहीण वाटते, कधी कामाला ठेवलेली बाई. बाबा तेवढे उरले होते. बाबांना ती बरोबर ओळखायची.

"हॉस्पिटलमधून आलो ना, त्याच रात्री काढली होती," बाबा हळू म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. पहाटे हिला जाग आली. दिवा चालूच असतो, अंधारात ती घाबरते. तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही ती. उठली, पदर नीट केला आणि खुर्चीत जाऊन बसली. मला म्हणाली, 'आमचे हे बाहेर गेलेत. ते आल्यावर या.'"

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मी स्वयंपाकघरात जाऊन दात घालून आलो. तर म्हणते, 'कुठे होतात? कोणी म्हातारा येऊन बसला होता.'"

"ती झोपल्यावर काढा."

"ती झोपते कुठे सलग? दर थोड्या वेळाने उठून माझं तोंड बघते. बघून झालं की झोपते. तोंड फिरवून झोपलो तर हाताने चाचपते." त्यांनी जिभेने वाकडा सुळा चाचपला. ती त्यांची जुनी सवय. "दात काढले की तोंडाचं बोळकं होतं, गाल आत जातात. मला आरशात मीच ओळखू येत नाही, तिला कसा येणार?"

म्हणजे प्रश्न एवढाच होता. दात ठेवले तर छाती जाणार होती, आणि काढले तर आईचा नवरा. हे मला समजलं आणि समजल्यावर मी खाली जाऊन एका गिऱ्हाइकाची कवळी पॉलिश करत बसले. दुसरं काय करायचं ते सुचेना.

पुढचे काही दिवस मी युक्त्या केल्या. बाबांचं अंथरूण माझ्या खोलीत हलवलं, तर आई दारात उभी राहिली आणि बसायला तयार होईना. उभ्या उभ्या तिचे पाय सुजले. मग मला वाटलं, एकच कवळी सतत तोंडात असते म्हणून घाण साठते, तर दोन करू. एक तोंडात, एक पाण्यात, पाळीपाळीने. दातवाल्याच्या मुलीला प्रत्येक आजारावर कवळीच सुचणार. जुना साचा काढला, चार दिवस खपून दुसरा संच केला, सुळ्यासकट. सिस्टरांना मोठ्या अभिमानाने दाखवला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ताई, रात्री तोंडात काहीच नको. दोन केल्यात काय आणि दहा केल्यात काय."

तो संच डबीत घालून मी खालच्या खणात टाकला.

मार्ग शेवटी बाबांनीच काढला. दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास ताठ बसायचं होतंच. ते आईच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि तिच्यासमोर दात काढून वाटीत ठेवले. मी भांडी विसळत होते, तिथून दिसत होतं. बाबांचा चेहरा खालून चुरगळल्यासारखा झाला. आईने पदर सारखा केला.

"आमचे हे बाहेर गेलेत," ती म्हणाली.

"हो का," बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले. "मी थांबू का मग?"

आईने विचार केला. गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही हा आमच्या घरचा नियम. बाबा बाहेर असले की तीच लोकांना बसवून ठेवायची. "बसा," ती म्हणाली. "येतीलच इतक्यात."

असं रोज चाललं. दुपारी दात काढलेला म्हातारा येऊन बसायचा, आई त्याच्याशी बोलायची, आणि अर्ध्या तासाने तो उठून आत जायचा आणि बाबा बाहेर यायचे. हळूहळू तिची भीती गेली. म्हाताऱ्याला ती 'पाहुणे' म्हणायला लागली. पाहुण्यांना ती नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. बोलत नाहीत, काम एके काम, बाहेर फिरायला म्हणून कधी नेलं नाही. "पण हात सोन्याचा हो," असं शेवटी म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्याशी एवढं बोलली नाही ती."

मग पाहुणे संध्याकाळीही यायला लागले आणि आईने त्यांना झोपेपर्यंत बसू दिलं. पलंगावर परका माणूस चालणार नव्हता, पण खुर्चीला तिची हरकत नव्हती. मी मागे रेलणारी खुर्ची आणली, पाठीला उशा लावल्या. सिस्टर खूश झाल्या. डोकं वर राहतं तेवढं छातीला बरंच म्हणाल्या. आई मध्येच उठायची, पाहुण्यांकडे बघायची, "अजून आले नाहीत का हे?" विचारायची. "येतील," बाबा म्हणायचे. ती पुन्हा आडवी व्हायची. सकाळी बाबा दात घालून दारातून आत यायचे आणि आई म्हणायची, "किती उशीर." वाटी रोज ओली असायची.

हे सगळं मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. दादाला फोनवर सांगितलं तर तो रडला. मी फोन धरून उभी राहिले आणि त्याचं आवरायची वाट बघितली. त्याला वाटलं असेल, हिला दगडाचं काळीज आहे. असेलही. रोज दोन माणसांची तोंडं धुवायची, गोळ्या द्यायच्या, खाली जाऊन परक्यांच्या हिरड्या मापायच्या. त्यात काळीज कुठे ठेवायचं हे त्याने येऊन दाखवावं.

थंडी सरत आली. बाबांना एकदाही ताप आला नाही. खोकला होता, तो म्हाताऱ्या माणसाचा असतो तेवढाच. घरातल्या घरात ते चालायचे, पलंग ते ओटा, ओटा ते पलंग, आणि वाटेत आईच्या खांद्याला हात लावून जायचे. दिवसा, दातांसकट.

अशाच एका सकाळी ते दात घालून आत आले तर आई म्हणाली, "अहो, एक काम करा ना."

"काय गं?"

"रात्री एक म्हातारे येऊन बसतात. फार भले आहेत. बिचाऱ्यांच्या तोंडात एक दात नाही. तुम्ही अख्ख्या गावाला दिलेत, त्यांना एक कवळी करून द्या."

मी चहा ओतत होते. चहा बशीत सांडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बघतो," ते म्हणाले.

आई विसरली नाही. स्वतःच्या मुलाला विसरलेली बाई, पण हे विसरली नाही. रोज सकाळी विचारायची, झाली का कवळी. मग पाहुण्यांनाही सांगायला लागली, आमच्या ह्यांना सांगितलंय, होईल तुमचं काम. आपल्या दारातून माणूस तसाच परत जातोय हे तिला बघवत नव्हतं. आठवडाभर हे ऐकल्यावर बाबा जिना उतरून खाली कारखान्यात आले, कठडा धरून, एकेक पायरी.

"तो दुसरा संच दे."

"कशाला? रात्री घालायचा नाहीये."

"रात्री नाही. आज संध्याकाळी, उजेड असताना." ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. बराच वेळ दम खात राहिले. "ठमे, मी विचार केला. आतापर्यंत तिने दोन वेगळी माणसं बघितली. एक दातांचा, एक बिनदातांचा. मी आत जाऊन बदलून येतो, म्हणून तिला ती दोन वाटतात. तिच्या डोळ्यांदेखत घातले तर? म्हातारा बसलाय, तो दात घालतो, आणि समोर मी. तिला दिसेल ना, की तो म्हातारा मीच म्हणून. एकदा कळलं की मग रात्री पलंगावर झोपायला काय हरकत आहे? दात पाण्यात, आणि मी तिच्याजवळ."

त्यांचे डोळे चमकत होते. मला म्हणावंसं वाटलं, नको, जसं चाललंय तसं चालू द्या. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? खुर्चीत बसून त्यांची पाठ धरली होती, आणि बायकोपासून चार पावलांवर पाहुणा म्हणून झोपणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. मी डबी काढून दिली. संच धुतला, पुसला. त्यांनी उजेडाकडे धरून बघितला. "सुळा चांगला बसवलायस," म्हणाले. त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

संध्याकाळी खिडकीतून ऊन आत येत होतं. बाबा दात काढून पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. मी डबी आईच्या हातात दिली. "बाबांनी पाठवलीय, पाहुण्यांसाठी."

आईचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. कित्येक महिन्यांत तिला करायला काम मिळालं नव्हतं. ती उठली. कपाटात हात घालून, न शोधता, तिने गिऱ्हाइकांचा गोल आरसा काढला. लाकडी मुठीचा. पूर्वी बाबांनी कवळी बसवली की आरसा धरायचं काम तिचं असायचं. तो तिथे आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"घाला हं," ती म्हणाली. "आधी वरची. घाबरू नका, पहिल्यांदा जड वाटते."

बाबांनी वरची घातली, मग खालची. दोन्ही टक्क बसल्या. गाल भरून आले, ओठ वर आले, आणि खुर्चीत माझे बाबा बसले होते.

"आता चावून बघा. हां. आता हसा."

बाबा हसले. डावीकडचा सुळा दिसला. आई आरसा धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने बोट पुढे केलं आणि त्या सुळ्याला अलगद लावलं. बाबांनी डोळे मिटले. मी ओट्याला टेकून उभी होते आणि माझ्या छातीत काहीतरी जोरात हललं. मला खरंच वाटलं की झालं, तिला कळलं.

"छान बसलीय," आई म्हणाली. "आमच्या ह्यांच्या हातालाच जमतं असं." तिने आरसा पुसून घडी घातलेल्या टॉवेलावर ठेवला. "आता घरी जा तुम्ही. किती दिवस इथे बसून काढलेत. घरची माणसं वाट बघत असतील."

बाबांनी डोळे उघडले. "अगं," ते म्हणाले, "मी घरीच आहे."

आई हसली. गिऱ्हाइकाने काही विनोद केला की ती जसं हसायची तसं, मान थोडी खाली घालून, आदराने. तिने दाराकडे हात केला.

बाबा उठले आणि माझ्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. मी त्यांच्या मागे गेले नाही.

सकाळी ते नेहमीसारखे दात घालून, केस विंचरून आईच्या दारात उभे राहिले. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आले. आईने वर बघितलं आणि पदर सारखा केला.

"या," ती म्हणाली. "टोचते का कुठे? बसा, हे आले की सांगते. घासून देतील."

"नाही टोचत," बाबा म्हणाले.

तेव्हापासून तसंच आहे. बाबा माझ्या खोलीतल्या पलंगावर झोपतात, डोक्याखाली दोन उशा. मी कारखान्यात झोपते. आई आता रात्री तोंड बघायला उठत नाही. तिला सलग झोप लागते. कधी विचारते, "हे कुठे गेले?" मी म्हणते, "येतील." दिवसा बाबा तिच्या समोर जाऊन बसतात, दात असोत नसोत. दोन्हीचा आता तिला काही फरक पडत नाही. ती त्यांना आपल्या नवऱ्याविषयी सांगते आणि ते ऐकतात.

थंडी संपल्यावर मी बाबांना तपासणीला नेलं. एक्स-रे काचेवर लागला. उजवीकडचा खालचा कोपरा काळा, स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा बघितला आणि खूश होऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

"उत्तम. असंच चालू ठेवा. ताठ बसून जेवताय?"

"हो."

"चालताय?"

"हो."

"आणि कवळी? रात्री काढताना त्रास होत होता ना मध्ये, सिस्टर म्हणत होत्या. आता काढता?"

बाबांनी जिभेने सुळा चाचपला. "काढतो," ते म्हणाले. "आता काही अडचण नाही."

डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. मी बाबांचा कोट घेतला, त्यांना उभं केलं आणि आम्ही बाहेर आलो.